पहिल्या वर्गाचे मोल

आगगाडीचे इंजिन भेदभाव जाणत नाही. मुंबईहून हावड्यास निघालेल्या गाडीत पहिल्या वर्गाच्या शायिकेवर पांघरूण घेऊन निजलेला गृहस्थ आणि सर्वसाधारण डब्याच्या दाराशी आपल्या वळकटीवर बसलेला मजूर, हे दोघेही हावड्यास पोहोचतात ते एकाच वेळी. गाडीस दोन तास उशीर झाला, तर तोही दोघांच्या वाट्यास सारखाच येतो. असे असूनही एकाने दुसऱ्याच्या कितीतरी पट दाम मोजलेले असतात. हे जादा पैसे नेमके कशाचे? लांबच्या प्रवासास निघालेल्या घरोघरी हा प्रश्न तिकिटे काढताना निघतो. कोणी म्हणतो, एका रात्रीचा तर प्रश्न. एवढ्या पैशांत मुलांचे कपडे होतील. दुसरा म्हणतो, वडिलांचे गुडघे पाहिलेस का? प्रश्न घरगुती खरा, पण त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि तो पाहिल्यावाचून त्याचे उत्तर नीट सापडत नाही.

आगगाडीतील वर्ग इंग्लंडात जन्मले. टपालाच्या घोडागाडीत आत बसणाऱ्याने अधिक आणि टपावर बसणाऱ्याने कमी भाडे द्यावे, ही तेथील जुनी रीत होती. आगगाडीने तीच उचलली. पहिल्या वर्गाला गादी, दुसऱ्याला लाकडी बाक आणि तिसऱ्याला पुष्कळदा बिनछपराची उघडी वाघीण, अशी ती विभागणी होती. १८४१ च्या डिसेंबरात सॉनिंग येथे दरडीवर आदळून एक गाडी घसरली. तिच्या उघड्या वाघिणींत सुट्टीसाठी घरी निघालेले गवंडी होते. त्यांच्यापैकी कित्येकजण बाहेर फेकले जाऊन प्राणास मुकले. १८४४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला : प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी अशी असावी की तिच्यात गरिबालाही बसण्यास आसन आणि डोक्यावर छप्पर मिळेल, आणि मैलास एक पेनीपेक्षा अधिक भाडे पडणार नाही. छप्पर आणि बाक मिळवण्यासाठीही कायदा करावा लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

छप्पर घालण्यास असा कितीसा खर्च येणार होता? या प्रश्नाचे उत्तर ज्यूल द्युप्यूई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये मोठ्या मार्मिकपणे दिले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : कंपन्या तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे ठेवतात ते पैसे वाचावेत म्हणून नव्हे, आणि गरिबांविषयी त्यांच्या मनात आकस आहे म्हणूनही नव्हे. ज्याच्या खिशात दुसऱ्या वर्गाचे पैसे आहेत त्याला तिसऱ्या वर्गाची धास्ती वाटावी, हा त्यातला हेतू आहे. गरिबाला सोसावे लागणारे हाल हे श्रीमंताला भाडे भरावयास लावण्याचे साधन झाले होते. पहिल्या वर्गाचे मोल ठरते ते केवळ त्याच्या गादीवरून नाही. शेजारच्या डब्यातील बाक किती कठीण आहे, यावरूनही ते ठरते, हा व्यवहार त्याने उघड करून दाखवला.

याच इंग्लंडात या व्यवहाराचा उलटा प्रयोगही झाला. मिडलंड रेल्वे या कंपनीने १८७२ मध्ये आपल्या सर्व गाड्यांतून तिसऱ्या वर्गाचे उतारू घेण्यास आरंभ केला. १८७५ च्या पहिल्या दिवसापासून तिने दुसरा वर्गच काढून टाकला, पहिल्या वर्गाचे भाडे उतरवले आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर गाद्या चढवल्या. प्रतिस्पर्धी कंपन्यांना हा अविचार वाटला. परंतु उतारू मिडलंडकडे वळू लागले, तसा इतरांनाही हळूहळू तोच मार्ग धरावा लागला. हे घडले याचे एक कारण असे की, तेथे एका शहराहून दुसऱ्या शहरास जाण्यास दोन-तीन कंपन्यांचे मार्ग होते. एकीने हाल केले तर उतारू दुसरीकडे जाऊ शकत होता.

हिंदुस्थानातील उतारूला असा दुसरा दरवाजा नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि तीन इंजिने असा तिचा थाट होता. पुढील वर्षी १५ ऑगस्टला हावड्याहून हुगळीस गाडी सुरू झाली. त्या चोवीस मैलांना पहिल्या वर्गाचे भाडे तीन रुपये होते आणि तिसऱ्या वर्गाचे सात आणे. म्हणजे दोन टोकांत जवळजवळ सातपटींचे अंतर आरंभीच पडले. येथील लोक गरीब आणि सोवळ्याओवळ्याच्या बंधनांत जखडलेले, ते परक्याच्या मांडीस मांडी लावून कशास बसतील, अशी शंका पुष्कळ अधिकाऱ्यांना होती. ती शंका लोकांनी थोड्याच दिवसांत खोटी पाडली. यात्रेकरू, व्यापारी, कामकरी यांनी तिसरा वर्ग भरून वाहू लागला. आणि पुढे कित्येक दशके दर दहा उतारूंतील नऊजण त्याच वर्गाचे असत.

एवढे गिऱ्हाईक असता त्यांची सोय का झाली नाही? याची मुळे भांडवलाच्या व्यवस्थेत होती. आरंभीच्या कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट येथील करदात्याच्या पैशातून भरली जाई. एका प्रांतात बहुधा एकाच कंपनीचा मार्ग असे. नफ्याची हमी आणि प्रतिस्पर्ध्याचा अभाव या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर तिसऱ्या वर्गाच्या उतारूची मनधरणी करण्याचे कंपनीला कारणच उरले नाही. काही मार्गांवर तर बाकेदेखील नसलेला चौथा वर्ग होता. पहिल्या वर्गात निजण्यास ऐसपैस आसन, हातपाय धुण्याची स्वतंत्र सोय आणि साहेबाच्या नोकराकरिता लगतचा कप्पा असे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात साधा शौचकूप येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. तोवर गाडी स्टेशनात थांबली की उतरावे, धावत जाऊन यावे आणि शिट्टी ऐकताच लुगड्याधोतराचा सोगा सावरीत पुन्हा डबा गाठावा, हाच परिपाठ होता. त्या काळी जो पहिल्या वर्गाचे तिकीट काढी, तो चैन विकत घेत होता असे म्हणणे अपुरे ठरेल. देहधर्म आणि अब्रू सांभाळण्याची किंमतही तो त्यात मोजत होता.

पुढे वेगसुद्धा वर्गाप्रमाणे विकला जाऊ लागला. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, बोटीने आलेल्या साहेबांना उत्तरेकडे त्वरेने पोहोचवण्यासाठी होती. तिच्या तीन उतारू-डब्यांत अवघी ९६ माणसे मावत. तिसऱ्या वर्गाला तिच्यात जागा मिळाली ती १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास. महाराष्ट्राच्या आवडत्या दख्खनच्या राणीची कथा याहून निराळी नाही. १ जून १९३० रोजी ती धावू लागली, तेव्हा तिच्यात केवळ पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. पुण्याच्या पेठेतील कारकुनाला ती फलाटावरून पाहता येई. तिच्यात बसणे त्याच्या मिळकतीत बसत नसे. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला जोडला गेला तो जून १९५५ मध्ये. तोपर्यंत राणी पंचवीस वर्षांची झाली होती.

या सर्व व्यवस्थेचा हिशेब मागणारा माणूस स्वतः बॅरिस्टर होता आणि पहिल्या वर्गाचे तिकीट त्याला परवडण्याजोगे होते. १९०२ च्या प्रारंभी मोहनदास गांधी कलकत्त्याहून राजकोटास निघाले. वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर येथे उतरत, तिसऱ्या वर्गाने जाण्याचा त्यांचा बेत होता. उतारूंचे हाल स्वतः भोगून पाहावेत, ही इच्छा त्यामागे होती. नामदार गोखल्यांना ही कल्पना प्रथम हास्यास्पद वाटली. पण हेतू कळताच त्यांनी ती उचलून धरली आणि एक धातूचा डबा घेऊन त्यात लाडू आणि पुऱ्या भरून दिल्या. गांधींनी बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी घेतली, एक जाडाभरडा लोकरी कोट घेतला, कांबळे आणि पाण्याचा तांब्या बरोबर ठेवला. प्रकृतीने नाजूक आणि कामाने वेढलेले गोखले प्रफुल्लचंद्र रायांसह त्यांना पोहोचवण्यास स्टेशनावर आले. गांधी पहिल्या वर्गाने जाते तर आपण आलो नसतो, असे त्यांनी बोलून दाखवले. या साऱ्या प्रवासास भाड्यासुद्धा एकतीस रुपयांहून अधिक खर्च आला नाही, अशी नोंद गांधींनी आत्मचरित्रात केली आहे.

हिशेबाचा खरा कागद त्यांनी १९१७ च्या सप्टेंबरात लिहिला. तोवर त्यांना आफ्रिकेहून परतून अडीच वर्षे झाली होती आणि त्यांतील पाव हिस्सा तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गेला होता. त्याच महिन्यात ते मुंबईहून मद्रासेस मेलने गेले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डबा बावीस माणसांचा. तोही बसण्यापुरता, निजण्याची सोय नाही, आणि प्रवासात दोन रात्री काढावयाच्या. पुण्यापर्यंत गर्दी कशीबशी आवरली गेली. रायचूरच्या पुढे ती असह्य झाली. वाटेत एकदाही डबा झाडला गेला नाही, शौचकूप धुतला गेला नाही, टाकीत पाणी नव्हते. रेल्वेचे नोकर डोकावले ते आणखी माणसे आत कोंबण्यासाठी. हे सांगून झाल्यावर गांधींनी साधा त्रैराशिकाचा प्रश्न केला. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक. तर मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूस पहिल्याच्या सोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय? वरच्या वर्गांची वाढती चैन तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालते, हा आरोपही त्यांनी त्यात केला. त्याचबरोबर डब्यात थुंकणाऱ्या, कचरा टाकणाऱ्या उतारूंनाही त्यांनी मोकळे सोडले नाही.

या प्रश्नाचे महत्त्व असे की, त्याने तराजू उलटा धरला. तोवर विचारले जाई : जादा पैसे देणाऱ्याला पैशाचा मोबदला मिळतो की नाही? गांधींनी विचारले : कमी पैसे देणाऱ्याला त्याच्या पैशाचा मोबदला मिळतो की नाही? उतारूंच्या भाड्याचे बहुतांश उत्पन्न ज्या वर्गाकडून येत होते, त्याच्याविषयी हा प्रश्न होता. त्याला नकारावाचून दुसरे उत्तर नव्हते.

तथापि केवळ पैशानेच वर्ग ठरत होते, असे समजणे चुकीचे होईल. जून १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनावर याच गांधींना गाडीखाली उतरवण्यात आले, तेव्हा पहिल्या वर्गाचे तिकीट त्यांच्या हातात होते. कातडीचा रंग तिकिटाहून वरचढ ठरला. महाराष्ट्रातील दाखला अधिक जिव्हारी लागणारा आहे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर आपल्या भावासह आणि भाच्यांसह वडिलांना भेटण्यास साताऱ्याहून आगगाडीने निघाले. अंगावर नवे कपडे, मनात पहिल्या आगगाडीच्या प्रवासाचा आनंद. मसूर स्टेशनावर ती मुले उतरली. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. आणि जात कळताच ते मागे सरले. पुढे भाड्याची बैलगाडीही त्या मुलांना सुखासुखी मिळाली नाही. आगगाडीच्या डब्यात जो पैसे देईल त्याला जागा होती. डब्याचे दार ओलांडून फलाटावर पाऊल टाकताच जुने जग वाट पाहत उभे होते. तिसऱ्या वर्गाच्या बाकाने सर्व जातींना एका रांगेत बसवले हे खरे. पण तेवढ्याने मनातील डबे एकमेकांना जोडले गेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या वर्गांची शिडी आखूड होऊ लागली. १९४८ मध्ये केवळ तिसऱ्या वर्गाची जनता एक्स्प्रेस सुरू झाली. १९५५ मध्ये जुना, साहेबी थाटाचा पहिला वर्ग बंद करण्यात आला. पूर्वीच्या दुसऱ्या वर्गास पहिला आणि इंटरला दुसरा असे नाव मिळाले. लोकांनी अर्थातच मिष्कीलपणे विचारले असेल की, नाव बदलल्याने बाक मऊ होतो काय? तो प्रश्न १९७४ मध्ये तिसऱ्या वर्गाचे नाव पुसले गेले, तेव्हाही शिल्लक होता. उतारू एका रात्रीत तिसऱ्यातून दुसऱ्या वर्गात चढला. पाठीखालची फळी मात्र तीच राहिली.

त्या फळीवर हात ठेवला तो मधु दंडवते यांनी. राजापूरचे खासदार आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले हे प्राध्यापक १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. पहिल्या वर्गाला खाली ओढणे हा आपला उद्देश नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलावयाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. मिडलंड कंपनीने शंभर वर्षांपूर्वी व्यापारी शहाणपणाने जे केले, ते येथे लोकशाहीच्या निष्ठेने व्हावयाचे होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी शायिकांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसवण्याचे काम त्यांच्या काळात सुरू झाले. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई ते हावडा ही गीतांजली एक्स्प्रेस त्यांनी सुरू केली. ती जलद होती आणि तिच्यात वर्गभेद नव्हता. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले आणि वर्ग परत आले. पण दोन इंचांची ती गादी मागे फिरली नाही. ती देशभर पसरली, आणि लांबच्या प्रवासात सामान्य माणसाला पाठ टेकून झोप मिळू लागली.

या गादीचा आपल्या मूळ प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. फळीवर तीस तास काढण्याची पाळी असताना पहिल्या वर्गाच्या जादा पैशांत झोप, स्वच्छता आणि दुसऱ्या दिवशी काम करण्याची ताकद एवढे सारे मिळत होते. खालचा वर्ग जसा उचलला गेला, तसा त्या जादा पैशांचा मोबदला आपोआप कमी झाला. १९९० नंतरच्या दशकात तीन शायिकांचा वातानुकूलित वर्ग आला. साध्या शयनवर्गाच्या अडीचपटीच्या आसपास भाड्यात त्याने गारवा, धुतलेली चादर आणि बंद खिडक्यांमुळे धुळीपासून सुटका दिली. वातानुकूलित पहिल्या वर्गास मेल-एक्स्प्रेस गाड्यांतून आजही शयनवर्गाच्या पाच-सहापट भाडे पडते; पण मधल्या पायऱ्या तयार झाल्यामुळे शेवटच्या पायरीवर हाती लागते ते मुख्यतः बंद दाराचा कप्पा आणि एकांत. म्हणून धडधाकट माणसाने एका रात्रीच्या प्रवासासाठी तेवढे पैसे मोजणे हा आवडीचा प्रश्न आहे, गरजेचा नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी परतणारा रुग्ण, वरच्या शायिकेवर चढू न शकणारी वृद्ध माता, तान्हे मूल घेऊन दोन रात्रींचा प्रवास करणारी स्त्री, यांच्या बाबतीत मात्र दाराला कडी असलेला कप्पा ही चैन म्हणता येणार नाही. तेथे खर्चाची खंत करू नये.

परंतु हा हिशेब ज्यांच्याजवळ निवड आहे त्यांचा झाला. अनारक्षित डब्यात शौचकूपाच्या दारापर्यंत माणसे दाटीने उभी असतात, आणि गावाहून शहरास पोट भरण्यास निघालेला मजूर त्यांच्यात दोन रात्री काढतो, हे दृश्य आजही दुर्मीळ नाही. त्याच्या लेखी शयनवर्ग हाच पहिला वर्ग आहे. तो डबा तसाच राहील, तोवर वरच्या प्रत्येक वर्गाच्या तिकिटात एक हिस्सा त्या डब्याच्या धास्तीचा असणार. द्युप्यूईने सांगितलेला व्यवहार काही अंशी चालूच राहणार.

यावरून रेल्वेच्या कारभाराची एक साधी कसोटी निघते. सुस्थितीतला माणूस तिकीट काढताना जर म्हणू लागला, की एवढे जादा पैसे कशाला, खालच्या वर्गातही माणूस नीट जातो, तर तो चिक्कू झाला असे कोणी समजू नये. त्या उत्तराच्या मागे कित्येक पिढ्यांची तक्रार आणि एका प्राध्यापकाने घातलेली दोन इंचांची गादी आहे. दहांपैकी नऊ उतारूंना ते उत्तर निर्धास्तपणे देता येईल, त्या दिवशी १९१७ साली मांडलेल्या त्रैराशिकाचे गणित सुटले असे म्हणता येईल.